घरच्या ब्रेझिंग टॉर्चसाठी परवडणारा गॅस: कोकण किनाऱ्यावरील वापरासाठी मार्गदर्शन

घरापुरती दुरुस्ती स्वतः करू पाहणारा माणूस ब्रेझिंग टॉर्चची, म्हणजे सळई वितळवून धातूचे तुकडे जोडण्यासाठीच्या गॅसच्या टॉर्चची, चौकशी करू लागला की त्याच्यासमोर सर्वप्रथम ज्योतींच्या तापमानाचे आकडे ठेवले जातात. ऑक्सिजनसह जळणाऱ्या ॲसिटिलीनची ज्योत सुमारे ३,१५० अंश सेल्सियसपर्यंत जाते, ऑक्सिजनसह प्रोपेनची सुमारे २,८०० अंशांपर्यंत, आणि साध्या हवेवर जळणाऱ्या प्रोपेनची, सर्व काही जमून आले तर, १,९८० अंशांच्या आसपास. हे आकडे खरे आहेत, परंतु केवळ त्यांवरून गॅस निवडायला गेल्यास बहुतेकांचा खर्च अकारण वाढतो. तांब्याच्या नळीचा जोड साधारण ७०० ते ८०० अंशांवर होतो आणि पितळी सळईने लोखंड जोडायचे असले तरी ९०० अंशांच्या थोडेच वर जावे लागते. म्हणजे सर्वांत साधी ज्योतही गरजेच्या दुपटीने तापते. म्हणून पाहायचे ते हे की जोडापर्यंत दर सेकंदाला किती उष्णता पोहोचते आणि पोहोचलेली उष्णता तिथे किती टिकते. त्याचे उत्तर गॅसच्या नावापेक्षा बर्नरच्या आकारात, कामाच्या वजनात आणि भोवती रचलेल्या विटांत अधिक सापडते.

कोकणातल्या वाचकाने आणखी एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. या विषयावरची बरीचशी माहिती थंड हवेच्या देशांतून आलेली असते आणि त्यात ब्युटेन टाळावा, शुद्ध प्रोपेनच घ्यावा, असा आग्रह असतो. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे गोठवणाऱ्या थंडीत तो डब्यात द्रवरूपच राहतो आणि टॉर्च पेटत नाही, हे त्या आग्रहाचे कारण. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत अशी थंडी पडतच नाही. ३० अंश तापमानाला बंद भांड्यातल्या ब्युटेनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलोच्या आसपास अधिक असतो आणि प्रोपेनचा साडेनऊ किलोहून अधिक. दोन्ही दाब टॉर्च चालवायला पुरतात. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असलेला आपला नेहमीचा एलपीजी इथे बारा महिने काम देतो, आणि महाग आयात गॅसकडे वळण्याचे एक मोठे कारण इथे मुळातच उरत नाही.

आधी कामाचे वजन पाहावे

गॅस ठरवण्यापूर्वी आपल्याला काय जोडायचे आहे याची प्रामाणिक यादी मनाशी करावी. कोकणातल्या घरात ही यादी साधारणतः ठरलेली असते. आंबा-काजूच्या फवारणी पंपाची पितळी नळी तडकते, खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटमधल्या तांब्याच्या नळ्या झिरपू लागतात, समईचा दांडा बैठकीपासून सुटतो, होडीच्या इंजिनाची इंधनाची नळी कंपनाने चिरते, आणि जुन्या तांब्याच्या बंबाचा तळ गळू लागतो. ही सारी कामे वरवर एकाच जातीची दिसली तरी त्यांना लागणाऱ्या उष्णतेत जमीनअस्मानाचा फरक आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. एसीच्या पाव इंची किंवा तीन-अष्टमांश इंची नळीच्या जोडाभोवतीचे जेवढे तांबे प्रत्यक्ष लाल करावे लागते, त्याचे वजन ६० ग्रॅम धरू. ते खोलीच्या तापमानापासून ७५० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे १७ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम एलपीजी जळून सुमारे ४६ किलोज्यूल देतो, म्हणजे कागदावर अर्धा ग्रॅमही गॅस पुरे. प्रत्यक्षात ज्योतीची बहुतांश उष्णता हवेत जाते, काही नळीतून दूर वाहते, तरी दहापट धरली तरी पाच ग्रॅमच्या आत जोड व्हायला हवा. या कामासाठी गॅस कोणता, यावर मोठा खर्च करण्याचे काहीच कारण नाही.

आता बंबाचा तळ घ्या. तांबे उष्णता इतक्या चटकन पसरवते की एका जागी ज्योत धरली तरी सगळा तळ तापू लागतो. शिवाय ७५० अंशांवर आलेला, काळवंडलेल्या तांब्याचा तळहाताएवढा भाग केवळ उत्सर्जनाने सुमारे तीन-चारशे वॅट उष्णता गमावत राहतो. ताशी १५० ग्रॅम गॅस जाळणारा हातटॉर्च एकूण १.९ किलोवॅटच्या आसपास उष्णता निर्माण करतो आणि त्यातली फार तर पाव धातूत शिरते. मिळकत आणि नुकसान इथे बरोबरीत येतात. टॉर्च कितीही वेळ धरला तरी तळ मंद लाल होण्याच्या अलीकडेच अडून बसतो. अशा वेळी दुकानदार अधिक गरम गॅसची शिफारस करतो, परंतु तोच स्वस्त एलपीजी मोठ्या बर्नरमधून जाळणे आणि काम विटांच्या आडोशात ठेवणे हा त्यावरचा योग्य आणि कमी खर्चाचा उपाय आहे.

सळईचाही या निवडीशी थेट संबंध आहे. तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरसयुक्त तांब्याची सळई वापरली तर ती ७१० अंशांपासून वितळू लागते आणि तिला फ्लक्सही (तापलेला जोड स्वच्छ ठेवून सळई नीट वाहू देणारी पूड किंवा लेप) लागत नाही. मात्र पितळेवर तिच्याबरोबर फ्लक्स हवा आणि लोखंडावर ती मुळीच वापरू नये, कारण जोड ठिसूळ होतो. ४५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली सळई साधारण ६४० ते ६८० अंशांत वाहते. ती महाग असली तरी छोट्या टॉर्चने होणाऱ्या कामांचा आवाका तिने वाढतो, आणि समईसारख्या पितळी वस्तूला तीच योग्य, कारण पितळ स्वतःच ९०० अंशांच्या थोडे वर वितळते आणि पितळी सळईने ते जोडू पाहणारा नवखा हात बहुधा मूळ वस्तूच वितळवून बसतो. टाकणखार फ्लक्स म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि पितळी सळईबरोबर तो उत्तम चालतो, परंतु तो स्वतः ७४० अंशांच्या आसपास वितळतो. त्यामुळे चांदीच्या सळईसाठी तिच्या जोडीने मिळणारा कमी तापमानाचा फ्लक्सच घ्यावा. कॅडमियम असलेली सळई, ती कितीही स्वस्त मिळो, घरात आणू नये; तिचा धूर विषारी आहे आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांवर तर तिचा वापर अजिबात नको.

ब्युटेनचे छोटे डबे

ज्यांचे काम महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या बारीक जोडापुरते आहे, त्यांनी सुमारे २२५ ग्रॅमचा ब्युटेनचा डबा आणि त्यावर बसणारा टॉर्च घेऊन सुरुवात करावी. यात रेग्युलेटर नाही, नळी नाही, नोंदणी नाही; टॉर्च स्वतंत्रपणे स्वस्तात मिळतो. ताशी १५० ग्रॅमच्या हिशेबाने एक डबा दीड तास जळतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे बारीक नळीच्या जोडांसाठी तो बराच पुरतो.

या डब्यांचा तोटा किलोच्या भावात दिसतो. पाच किलोचा एक सिलिंडर म्हणजे असे बावीस डबे. आपल्या गावात डब्याची किंमत काय आणि पाच किलोच्या भरणीची किंमत काय, हे विचारून दोन्हींना ग्रॅमने भागावे. फरक पाहिल्यावर कोणता मार्ग आपल्याला परवडतो हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. डबा घेताना तोंडाचा प्रकार अवश्य तपासावा. खाचेत फिरवून बसणारे तोंड, आटे असलेले गिर्यारोहकांच्या डब्याचे तोंड आणि परदेशी पिवळ्या बाटलीचे रुंद आट्यांचे तोंड हे तीन वेगळे प्रकार असून एकाचा टॉर्च दुसऱ्यावर बसत नाही. बदलणीसाठी मिळणारे जोडतुकडे शक्यतो टाळावेत, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

पेटवल्यावर पहिले मिनिटभर टॉर्च उभा धरावा आणि नंतरच हळूहळू तिरका करावा. थंड टॉर्च एकदम आडवा केला तर द्रवरूप ब्युटेन नोझलपर्यंत येतो आणि हातभर लांब पिवळा भडका उठतो. छोट्या खोलीत हे फार धोक्याचे आहे. रिकामा डबा मोठ्या सिलिंडरमधून पुन्हा भरून देणारी माणसे बाजारपेठांत भेटतात. तसे भरलेले डबे कधीही घेऊ नयेत. हा डबा ब्युटेनच्या कमी दाबासाठी बनवलेला असतो आणि एलपीजीमधल्या प्रोपेनचा दाब, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, त्याला पेलवत नाही. शिवाय अशी भरणी बेकायदा आहे.

एलपीजी: बहुतेकांसाठी योग्य निवड

नियमित काम असणाऱ्यांनी एलपीजीवर चालणारा हवाशोषक बर्नर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नोझलमधून वेगाने सुटणारा गॅस मागच्या छिद्रांतून हवा ओढून घेतो आणि मिश्रण बर्नरच्या तोंडाशी जळते. बाहेरून दुसरा कोणताही वायू विकत आणावा लागत नाही, म्हणून मिळणाऱ्या उष्णतेचा खर्च यापेक्षा कमी होणे कठीण.

सिलिंडर कोणता घ्यावा, याबाबत घोटाळा नको. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो आणि २००० सालच्या एलपीजी पुरवठा नियमन आदेशानुसार तो अन्य कामाला वापरता येत नाही. त्याच्यावरचा नेहमीचा रेग्युलेटरही टॉर्चच्या उपयोगाचा नाही, कारण तो गॅसचा दाब अवघ्या ३० मिलिबारपर्यंत खाली आणतो, तर टॉर्चला साधारण एक ते दोन किलोचा दाब हवा असतो. रेग्युलेटर काढून थेट नळी जोडण्याचा किंवा घरगुती सिलिंडरवर जास्त दाबाचा रेग्युलेटर चढवण्याचा मोह कोणी करू नये. तेल कंपन्या खुल्या बाजारात पाच किलोचा सिलिंडर विकतात. इंडेनचा तो ‘छोटू’ या नावाने ओळखला जातो. ओळखपत्र दाखवून तो वितरकाकडे आणि अनेक पेट्रोल पंपांवर मिळतो, रिकामा परत देऊन भरलेला घेता येतो, आणि एका हाताने पडवीतून खळ्यात नेण्याइतका तो हलका असतो. ज्यांचे छोटे वर्कशॉप आहे त्यांना १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर अधिक सोयीचा. मोठ्या व्यावसायिक सिलिंडरांत काहींचा व्हॉल्व्ह वायूऐवजी द्रव बाहेर सोडणारा असतो. तो टॉर्चसाठी कदापि चालणार नाही, हे वितरकाला आधीच स्पष्ट सांगावे.

सिलिंडर ताब्यात घेताना मानेजवळच्या पट्टीवर कोरलेले अक्षर आणि साल वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यापुढचे दोन आकडे सालाचे. त्या मुदतीच्या आत सिलिंडरची पुढची तपासणी व्हावयाची असते. किनाऱ्यावर हे वाचणे अधिक महत्त्वाचे, कारण इथे सिलिंडरचे तळकडे फार लवकर गंजते. तिथेच रिकाम्या सिलिंडरचे वजनही कोरलेले असते. भरलेला सिलिंडर वजन करून घ्यावा, आणि पुढेही मोठ्या कामाच्या आधी व नंतर ताणकाट्याला लावून पाहावा. बंबाच्या तळाला किती गॅस गेला आणि समईला किती, याची वहीत केलेली नोंद कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक खरे बोलते.

रेग्युलेटर दाबमापक असलेला आणि फिरवून दाब बदलता येणारा घ्यावा. नळी एलपीजीसाठी बनवलेली, आयएस ९५७३ हा मानक क्रमांक छापलेली असावी. ॲसिटिलीनच्या जुन्या नळीवर भागवू नये, कारण सामान्य रबर एलपीजीमुळे हळूहळू खराब होते. बर्नर एकच घ्यायचा झाला तर मध्यम घ्यावा, आणि शक्य असेल तर एकाच मुठीवर बदलता येणारी दोन तोंडे घ्यावीत. गॅस बदलण्यावर जो पैसा खर्च होतो, तो मोठ्या तोंडावर खर्च केल्यास कितीतरी अधिक उपयोग होतो.

मोठा बर्नर छोट्या सिलिंडरवर सलग चालवला की थोड्या वेळाने ज्योत मलूल होऊ लागते. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरमधलीच उष्णता शोषून घेतो आणि माठासारखा सिलिंडर थंड पडतो. कोकणातल्या दमट हवेत त्याच्या अंगावर पाण्याचे थेंब जमलेले दिसतात आणि त्या थेंबांच्या वरच्या कडेवरून आत द्रव कुठवर आहे हेही कळते. त्या वेळी काम थांबवून सिलिंडरला पुन्हा भोवतालच्या हवेच्या तापमानावर येऊ द्यावे. त्याच्यावर गरम पाणी ओतणे किंवा तो उन्हात नेऊन ठेवणे धोक्याचे आहे. प्रोपेन आधी उडून जात असल्यामुळे सिलिंडर संपत आला की मागे ब्युटेनचे प्रमाण वाढते आणि दाब उतरतो. म्हणून जड कामे सिलिंडर भरलेला असताना उरकावीत आणि बारीक जोड शेवटच्या किलोवर ठेवावेत.

पिवळ्या बाटलीतला मॅप गॅस

ऑनलाइन दुकानांत चारशे ग्रॅमच्या आसपासच्या पिवळ्या बाटल्या मॅप या नावाने मिळतात आणि एसी दुरुस्ती करणाऱ्यांत त्यांची बरीच चर्चा असते. मूळ मॅप हे मिथाइल ॲसिटिलीन आणि प्रोपाडाइन यांचे मिश्रण होते. उत्तर अमेरिकेतले त्याचे उत्पादन २००८ साली बंद झाले. आज त्या रंगाच्या बाटल्यांत बहुतांशी प्रोपिलीन असतो. हवेवर जळताना त्याची ज्योत प्रोपेनपेक्षा थोडीशीच अधिक गरम असते. काम किंचित लवकर होते, हे खरे. पण बाटली एकदाच वापरायची, पुन्हा न भरण्याची, आणि दर ग्रॅम भाव एलपीजीच्या कितीतरी पट. दिवसभरात अनेक घरी जाऊन, शिडीवर चढून जोड करणाऱ्या कारागिराला तो परवडतो, कारण त्याचा वेळ विकला जातो. घरच्या कामाला त्याची आवश्यकता नाही.

ऑक्सिजन केव्हा आणावा

जिथे एकाच बारीक ठिकाणी प्रखर उष्णता हवी आणि शेजारचा भाग तापता कामा नये, तिथे ऑक्सिजनला पर्याय नाही. जाड लोखंडी कडी पितळी सळईने जोडणे, किंवा आधीच्या जोडापासून दोन बोटे अंतरावर नवा जोड घालणे, अशी ती कामे. अशा वेळी एलपीजी तोच ठेवून जोडीला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेता येतो आणि फ्रिज-एसीचे अनेक मेकॅनिक हाच संच बाळगतात.

मात्र खर्चाचा तोल इथे उलटतो. एक किलो एलपीजी पूर्ण जाळण्यास सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. त्यातला काही भाग ज्योत भोवतालच्या हवेतून घेते, तरी दीड घनमीटरचा, म्हणजे जेमतेम दोन किलो ऑक्सिजनचा सिलिंडर अर्धा ते पाऊण किलो एलपीजीलाच पुरतो. एलपीजीचा पाच किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत ऑक्सिजनच्या सात-आठ भरण्या कराव्या लागतील. एलपीजी स्वस्त म्हणून हा संच स्वस्त, असे जे सांगितले जाते ते अपुरे आहे. खरा पैसा ऑक्सिजनमध्ये आणि त्याच्या वाहतुकीत जातो. भरणी करून देणारा विक्रेता आपल्या गावापासून किती लांब आहे, हे आधी पाहावे. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा एमआयडीसी असलेल्या ठिकाणी चौकशी करावी आणि सिलिंडरचे भाडे, अनामत व जाण्यायेण्याचा खर्च मिळवूनच भरणीचा भाव धरावा. एसटीतून किंवा रेल्वेतून कोणताही सिलिंडर नेऊ नये. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात घरच्या घरी ऑक्सिजन ओतण्याचे प्रकार प्राणघातक आहेत आणि ते कोणी सुचवले तर त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाऊ नये.

ऑक्सिजन आणला की शिस्तही आणावी लागते. त्याच्या रेग्युलेटरला, आट्यांना किंवा हाताला तेल-ग्रीस असता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेते. गंजू नये म्हणून आट्यांना खोबरेल लावण्याची आपली सवय इथे जीवघेणी आहे. काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, त्याचे आटे सुलटे. ज्वलनशील वायूचे आटे उलटे असतात, ते चुकीचे जोडले जाऊ नयेत म्हणूनच. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरली तर ती अडवणारे तुकडे, बसवावेत आणि नोझल एलपीजीसाठीचेच घ्यावे. ॲसिटिलीनच्या नोझलवर एलपीजीची ज्योत तोंडापासून सुटून विझते.

दागिने किंवा तत्सम नाजूक काम करणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून मिनिटाला पाच लिटर देणारे विजेवरचे यंत्र, म्हणजे काँसन्ट्रेटर, ताशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी जाळणाऱ्या बारीक टॉर्चला पुरते, आणि भरणीसाठी कुठे जावे लागत नाही. त्याचा दाब फारच कमी असल्याने टॉर्च कमी दाबाचा आणि उलटा प्रवाह रोखणारे व्हॉल्व्ह असलेला हवा. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावात मात्र त्यावर विसंबू नये.

ॲसिटिलीन, कार्बाइड, गोबरगॅस

ॲसिटिलीनच्या ज्योतीचा आतला शंकू अत्यंत प्रखर असतो आणि त्याला ऑक्सिजनही कमी लागतो, त्यामुळे लोखंडाचे वेल्डिंग करणाऱ्याला तो हवाच. केवळ ब्रेझिंगसाठी घरात तो ठेवू नये, असे मला वाटते. तो ॲसिटोनमध्ये विरघळवून साठवलेला असतो, सिलिंडर आडवा करता येत नाही, नळीत सुमारे एक किलोपेक्षा अधिक दाब गेला की तो आपणहून विघटित होऊन फुटू शकतो, आणि हवेतल्या अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रमाणापर्यंत तो पेट घेतो. प्रोपेनची हीच मर्यादा साधारण दोन ते साडेनऊ टक्के आहे. कॅल्शियम कार्बाइड आणून स्वतः ॲसिटिलीन तयार करण्याचा विचार तर मनातही आणू नये. कार्बाइडमधून गॅस सुटायला पाण्याचे भांडे लागत नाही, जुलैतली कोकणातली हवाच पुरते. झाकण सैल राहिलेल्या डब्यात तो दमट हवेवरच गॅस सोडत राहतो आणि डबा उघडताना उडालेली एक ठिणगी पुरेशी ठरते. आंबा पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, ते कारण वेगळे असले तरी, घरात कार्बाइड नसावा या मताला तेही पूरकच आहे.

सिंधुदुर्गात गोबरगॅसचे संयंत्र अनेक घरांमागे आहे, म्हणून तो टॉर्चला चालेल का, असे विचारले जाते. त्यात मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, आणि दाब काही सेंटिमीटर पाण्याइतकाच. चुलीला तो उत्तम, ब्रेझिंगला नाही. पाइपने घरी येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाबही असाच अत्यल्प असतो.

विटांचा आडोसा

गॅसच्या खर्चात सर्वांत मोठी बचत विटांनी होते. हलक्या, उष्णतारोधक फायर ब्रिकच्या पाच-सहा विटा घेऊन खाली एक थर, मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत, असा तीन बाजूंनी बंद कोनाडा रचावा आणि काम त्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवावे. विटेचा समोरचा पृष्ठभाग काही मिनिटांत लाल होतो आणि वाया जाणारी उष्णता जोडाच्या पाठीमागून परत देतो. उघड्यावर लाल न होणारे काम या कोनाड्यात त्याच टॉर्चने लाल होते. जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा सिमेंटच्या कोब्यावर काम ठेवू नये. चिऱ्यात मुरलेले पाणी वाफ होऊन तुकडे उडवते आणि दोन्ही पृष्ठभाग उष्णता गिळत राहतात. पावसाळ्यात फायर ब्रिकही ओल धरतात, म्हणून आधी त्यांना लांबून, मंद ज्योतीने कोरडे करून घ्यावे.

दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा हवाशोषक बर्नरचा मोठा शत्रू आहे. तो ज्योत वाकवतो आणि तापलेला धातू थंड करतो. मोठे काम सकाळी, वारा पडलेला असताना घ्यावे. जागा पडवीसारखी निवडावी: वर छप्पर, दोन बाजू उघड्या, थेट ऊन नाही. भर उन्हात हवेवरची निळी ज्योत दिसत नाही आणि तांबे मंद लाल झाले की चेरीसारखे लाल, हेही डोळ्यांना कळत नाही. सावलीत ते स्पष्ट दिसते, आणि ब्रेझिंग करणाऱ्याचे खरे तापमापक तेच असते. सळई ज्योतीने वितळवू नये. जोडाला टेकवावी, आणि तापलेल्या धातूनेच ती वितळून फटीत ओढली जावी.

पेटवण्यापूर्वी

प्रत्येक वेळी सर्व सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहावे. खाऱ्या हवेत पितळी सांध्यांवर हिरवट चढ बसतो आणि रबरी वॉशर कडक होतात, त्यामुळे गेल्या महिन्यात घट्ट असलेला सांधा आज घट्ट असेलच असे नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळालेला गॅस खाली बसतो आणि माजघरातून उतरत्या ओटीकडे, विहिरीच्या कठड्याकडे, होडीच्या तळाकडे वाहत जातो. म्हणून होडीच्या आत टॉर्च कधीही पेटवू नये. नळी काढून किनाऱ्यावर आणावी, इंधन पूर्ण निथळून, धुऊन घ्यावी. इंधनाची टाकी घरी जोडण्याचा प्रयत्नच करू नये.

फ्रिज किंवा एसीच्या बाबतीत आत कोणता वायू आहे हे पाटीवर वाचल्याशिवाय टॉर्चला हात लावू नये. नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. काही एसींत आर-२९०, म्हणजे प्रोपेनच असतो, आणि आर-३२सुद्धा सौम्य का होईना ज्वलनशील आहे. जुन्या एसीतला आर-२२ ज्योतीत सापडला तर विषारी वायू तयार होतात. वायू काढून घेणे आणि नळीतून नायट्रोजन सोडून जोड करणे हे प्रशिक्षित मेकॅनिकचे काम आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि पत्रेही असेच जपून हाताळावेत. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि त्याच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडीताप भरतो, म्हणून जोडाभोवतीचा मुलामा आधी घासून काढावा.

काम संपल्यावर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, नळीतला उरलेला गॅस टॉर्चमधून जळून जाऊ द्यावा, आणि मग टॉर्चचा नॉब फिरवावा. रेग्युलेटर काढून, पुसून, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा. सिलिंडर उभाच, जमिनीला न टेकता लाकडी पाटावर, वारा खेळता राहील अशा जागी ठेवावा, आणि मे अखेरीस पावसापूर्वी त्याचे तळकडे उलथून एकदा नीट पाहावे. गंजाचे पापुद्रे निघत असतील तर तो सिलिंडर भरणीच्या वेळी वितरकाला दाखवून बदलून घ्यावा.